पडदा आणि ठोकळा

आमच्या बडोदे संस्थानात १९०६ साली सयाजीराव महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कायद्याने मूल शाळेत येते. परंतु त्याला स्वतःच्या हातांनी शिकू देणारा शिक्षक कसा घडावा? १९३९ साली डॉ. मारिया माँटेसोरी मद्रासच्या अड्यार भागात आल्या, तेव्हा सुमारे ३०० शिक्षक त्यांच्याकडे शिकण्यास जमले. आज तशी व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर घरबसल्या ऐकता येतात. ज्या शिक्षिकेस महिनोन्‌महिने परगावी राहणे शक्य नाही, तिला हे वरदानच होय.

तथापि पडद्याची मर्यादाही आपण ओळखली पाहिजे. गुलाबी मनोऱ्याचे १ ते १० सेंटिमीटरांचे १० ठोकळे कसे रचावेत, हे पडद्यावर कळेल. पण मूल चुकीचा ठोकळा उचलते, तेव्हा पुढे सरसावलेला आपला हात मागे घेणे मुलांजवळ बसूनच साधते. कारण ती चूक मुलाला मनोराच दाखवीत असतो. म्हणून तत्त्व घरी ऐकावे, साधने वर्गात हाताळावीत आणि तेथे सुचलेल्या शंका पुन्हा पडद्यावर विचाराव्यात, हाच मेळ आम्हांस इष्ट वाटतो.