बोट क्लांगला, जेवण क्वालालंपूरला

क्रूझच्या पत्रकात ‘क्वालालंपूर’ असतं, बोट मात्र लागते चाळीसेक किलोमीटर दूर, पोर्ट क्लांगला. टॅक्सीवाल्यांना नमस्कार करून मी लोकल धरली. आधी क्लांग आणि गोंबाक नद्यांच्या संगमावरची १९०९ची जामेक मशीद. आत जायला लागणारा अंगभर झगा तिथेच मिळतो. मग १८७३ साली स्थापलेलं तमिळांचं मरिअम्मन मंदिर आणि चक्क रस्त्यापलीकडे ग्वान दी या चिनी देवाचं देऊळ. इकडे मोगऱ्याचे गजरे, तिकडे उदबत्त्यांचा धूर. कथिलाच्या खाणींनी चिनी आणले, रबराच्या मळ्यांनी तमिळ. पेट्रोनासचे ४५२ मीटरचे मनोरे लांबूनच पाहिले. तिथल्या रांगेपेक्षा केळीच्या पानावरचा सांबारभात बरा! परतताना भरपूर वेळ हाताशी ठेवा, इथली लोकल मुंबईसारखी मिनिटामिनिटाला नसते.