विकत घेतलेला सिनेमा

बीटामॅक्स आणि व्हीएचएसची गोष्ट निघाली की ‘चांगलं हरलं, सुमार जिंकलं’ असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत पडून गेली आहे. ते काही पूर्ण खरं नाही. सोनीने १९७५ साली बीटामॅक्स बाजारात आणलं तेव्हा त्याच्या कॅसेटवर जेमतेम तासाभराचं चित्रण मावायचं. वर्षभराने आलेल्या जेव्हीसीच्या व्हीएचएसवर दोन तास मावले. टीव्हीवरचा सिनेमा रेकॉर्डिंगला लावून माणूस बाहेर गेला, तर बीटावर त्याला मध्यंतरापर्यंतचाच ऐवज मिळणार. चित्र कितीही रेखीव असलं तरी पुढे खलनायकाचं काय झालं ते कळायला नको? जेव्हीसीने आपलं तंत्र इतर कंपन्यांनाही सढळ हाताने वापरू दिलं, यंत्रं स्वस्त होत गेली आणि १९८८ साली सोनी स्वतःच व्हीएचएसची यंत्रं बनवू लागली.

यापेक्षा मोठं भांडण वेगळंच होतं. एकदा घरात शिरलेल्या सिनेमावर हुकूम कोणाचा? युनिव्हर्सल आणि डिस्नेने १९७६ साली सोनीला कोर्टात खेचलं. घरबसल्या रेकॉर्डिंग म्हणजे आमच्या हक्कांवर घाला, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८४ साली ५ विरुद्ध ४ अशा काठावरच्या बहुमताने सोनीच्या पारड्यात निकाल टाकला. तोवर लॉस एंजेलिसमध्ये कॅसेट भाड्याने देणारं दुकान निघून सहा वर्षं झाली होती. तिथल्या कायद्याने विकलेली प्रत घेणाऱ्याची. त्याने ती भाड्याने द्यावी, विकावी, नाहीतर माळ्यावर टाकावी. भाड्यातला छदामही स्टुडिओला मिळेना. मग स्टुडिओंनी बहुतेक कॅसेटच्या किमती इतक्या चढ्या ठेवल्या, की त्या दुकानदारानेच घ्याव्यात, घरच्या माणसाने नुसतं बघून पुढे जावं.

हे गणित फिरवलं वॉर्नरच्या वॉरन लीबरफार्ब यांनी. १९९५ साली नव्या तबकडीवरून सोनी-फिलिप्स एकीकडे आणि तोशिबा-टाइम वॉर्नर दुसरीकडे असे पुन्हा दंड थोपटून उभे होते. संगणक कंपन्यांनी दबाव आणला आणि दोघांत समेट होऊन एकच डीव्हीडी ठरली. ती १९९६च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ साली अमेरिकेत आली. तबकडी लोकांनी सरळ विकत न्यावी अशाच किमतीत ठेवायची, हा लीबरफार्ब यांचा आग्रह. २००५च्या सुमारास अमेरिकेतली वर्षाची डीव्हीडी विक्री १६ अब्ज डॉलरच्या घरात गेली.

या भरभराटीच्या तोंडावर एक प्रकार घडला, तो आता फारसा कोणाला आठवत नाही. मला मात्र सगळ्या कहाणीत तोच कळीचा वाटतो. सर्किट सिटी या अमेरिकी दुकानसाखळीने १९९८ साली डिव्हएक्स नावाची तबकडी काढली. (आपल्याकडच्या प्लेयरवर पुढे याच नावाचा शिक्का दिसायचा, ती भानगड निराळी.) किंमत साडेचार डॉलर. तबकडी घरी न्यायची, पण पहिल्यांदा लावल्यापासून ४८ तासच बघायची. प्लेयर टेलिफोनच्या तारेला जोडलेला. तो अधूनमधून कंपनीला फोन लावून हिशेब कळवायचा. पुन्हा बघायचं तर पुन्हा पैसे, आणि कायमचं बघायचं तर आणखी जास्त. लोकांनी हे झिडकारलं. जून १९९९मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. २००१ साली पलीकडची यंत्रणाही थांबली आणि ‘कायमचे’ पैसे भरलेल्यांच्या तबकड्यासुद्धा मुक्या झाल्या. आज ओटीटीवर भाड्याच्या सिनेमाला ४८ तासांची मुदत दिसते, तेव्हा कोणी खवळत नाही.

आपल्याकडे या लढाया उशिरा आणि अर्ध्यामुर्ध्याच पोचल्या. १९८२च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर. वर्गणी काढून रात्रभरासाठी टीव्हीसकट व्हीसीआर आणायचा आणि पहाटेपर्यंत तीन सिनेमे उरकायचे, हा त्या दशकाचा शिरस्ता. पण खरं राज्य केलं व्हीसीडीने. १९९३चं हे तंत्र पाश्चात्त्यांनी फारसं विचारलं नाही. आशियाने डोक्यावर घेतलं. एका तबकडीवर ७४ मिनिटं, त्यामुळे हिंदी सिनेमा दोन-तीन तबकड्यांत विभागलेला. पडद्यावर पाऊस किंवा गर्दीचा नाच आला की चित्राचे चौकोन व्हायचे. मग तबकडी बाहेर काढायची, फुंकर मारायची आणि शर्टाच्या टोकाने मधल्या भोकापासून कडेकडे पुसायची. गोल फिरवून पुसणाऱ्याला घरातलं कोणीतरी हमखास ओरडायचं, आणि त्यात तथ्य होतं. तसा पडलेला ओरखडा मजकुराच्या रेषेतच बसतो.

डीव्हीडीला प्रदेशाचं कुलूप होतं: अमेरिका १, भारत ५. त्याआधीच्या कॅसेटची तर पॅल आणि एनटीएससी अशी जातच वेगळी, इथली कॅसेट तिकडे चालायची नाही. व्हीसीडीला कुलूपच नव्हतं, शिवाय ती संगणकावरही चालायची. परदेशी निघालेल्यांच्या बॅगेत म्हणून लोणच्याच्या बरणीशेजारी व्हीसीडीची चळत असायची, आणि तिच्यात मराठी नाटकं हटकून. दोन अंकी नाटकाला दोन तबकड्या मापून शिवल्यासारख्या बसत.

मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. स्टेशनबाहेरच्या चोरट्या मालाला असा शह आधी कोणी दिला नव्हता. पुढे फुकटाचं डाउनलोड आलं, आणि २०१८ साली ही कंपनीच अवसायनात गेली.

ब्लू-रेबद्दल थोडक्यातच सांगतो. बीटामॅक्सचा धडा गिरवलेल्या सोनीने प्लेस्टेशन ३मध्येच ब्लू-रे बसवून तो घरोघरी पोचवला. जानेवारी २००८मध्ये वॉर्नरने सोनीची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने आपल्या प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीतून माघार जाहीर केली. नेटफ्लिक्सने इंटरनेटवरून सिनेमे दाखवायला सुरुवात केली ती त्याच्या आदल्याच वर्षी. भारतात ब्लू-रे हौशी मंडळींच्या कपाटापलीकडे गेलाच नाही.

टपालाने तबकड्या पाठवणं नेटफ्लिक्सने सप्टेंबर २०२३मध्ये थांबवलं. अमेरिकेतली तबकड्यांची विक्री २०२४ साली एक अब्ज डॉलरच्याही खाली आली. त्यातही ‘ओपनहायमर’ची फोर-के तबकडी नोव्हेंबर २०२३मध्ये दुकानांतून बघता बघता संपली होती. ती घरात ठेवा, म्हणजे कुठली ओटीटी सेवा येऊन चोरून नेणार नाही, असं त्याचे दिग्दर्शक नोलन गमतीने म्हणाले होते. पुढच्याच महिन्यात प्लेस्टेशनच्या ग्राहकांना सोनीचा निरोप आला: डिस्कव्हरीचे जे कार्यक्रम तुम्ही पैसे मोजून घेतलेत, ते ३१ डिसेंबरपासून तुमच्या खात्यातून काढले जातील. ओरड झाली, नवा करार झाला, निर्णय फिरला. सोनीने कळवलं, तुमची खरेदी शाबूत राहील, किमान तीस महिने.