जास्वंद आणि बोगनवेल: ऊन एकच, तहान वेगळी

पिंपळगाव राजात एखाद्या घराच्या फाटकावर बोगनवेल आणि अंगणात जास्वंद ही जोडी सहज दिसते. एकीचा रंग रस्त्यावरून डोळ्यांत भरतो, दुसरीचं फूल सकाळी देवाला होतं. दोघींना ऊन लागतं, दोघी फांदी खोचून येतात, दोघी काटक म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यामुळे दोघींना सांभाळायची रीतही एकच ठरून जाते: संध्याकाळी एकाच पाइपाने पाणी आणि अधूनमधून पाटीभर शेणखत. मग काही महिन्यांनी दोन तक्रारी ऐकू येतात. बोगनवेल नुसती पानावर गेली आणि जास्वंदीच्या कळ्या गळतात. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा त्या एकाच पाइपात असतं.

‘फुलं येत नाहीत म्हणजे पाणी-खत कमी पडतं,’ हा पहिला आणि सर्वांत महाग पडणारा समज. बोगनवेलीच्या बाबतीत तो थेट उलटा आहे. मुळं ओली आणि जमीन नत्राने भरलेली असली की ही वेल लांबलचक हिरवे फुटवे काढत राहते. माती कोरडी पडली, वाढ थोडी अडली, की ती फुलांकडे वळते. दिवस लहान आणि ऊन स्वच्छ असलं तर आणखी लवकर. म्हणूनच पावसाळ्यात हिरवीगार दिसणारी वेल पाऊस सरल्यावर रंगायला लागते आणि फेब्रुवारीपासून उन्हाचा ताव वाढताना पेटून उठते. जमिनीत लावलेल्या, दोन पावसाळे पाहिलेल्या वेलीला रोज पाणी लागत नाही. फुलोरा संपला की पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन किंचित लोंबू लागली की एकदा भरपूर द्यायचं, पुन्हा वाळू द्यायचं. कुंडीतल्या वेलीलाही हेच लागू, फक्त तिची माती लवकर वाळते.

ज्याला आपण बोगनवेलीचं फूल म्हणतो तो रंगीत कागदासारखा भाग फूल नाहीच. तो रूपांतरित पान आहे. एक गुच्छ हातात घेऊन आत बघा: तीन रंगीत पानं, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, टोकाशी पांढुरकी चांदणी. ती नळी म्हणजे खरं फूल. ते दोन-चार दिवसांत सुकतं, पण रंगीत पान आठवडेच्या आठवडे टिकतं. वेल इतके दिवस फुललेली दिसते ती यामुळे. फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६७ मध्ये रिओ-दि-जानेरोला ती टिपली, ती याच रंगामुळे नजरेत भरली असणार. आज तिच्या वाणांची जगभरची नोंदणी दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था पाहते, हेही आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

जास्वंदीचं गणित निराळं. तिचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक जातींत संध्याकाळपर्यंत मिटतं. रोज नवी कळी तयार करायची तर तिला रोज काहीतरी हवंच. पाण्यात खंड पडला की ती आधी कळ्या सोडते, पानं नंतर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा तर मुळाशी ओल असूनही कळ्या पिवळ्या पडून गळतात. त्याला नजर लागली असं समजायचं कारण नाही. दुपारी दोननंतर सावली मिळेल अशी जागा, बुडाशी वाळलेल्या पाल्याचा किंवा सोयाबीनच्या कुटाराचा चार बोटं थर आणि पहाटे पाणी, एवढं केलं तर बराच फरक पडतो. नर्सरीतून आणलेल्या मोठ्या, दुमडलेल्या पाकळ्यांच्या रंगीत जाती उन्हाळ्यात जास्त कळ्या गाळतात. आपली पाच पाकळ्यांची गावठी लाल जास्वंद त्यांच्यापेक्षा कितीतरी धीराची. माझं मत विचाराल तर अंगणात पहिली लावावी ती हीच.

मात्र ‘जास्वंदीला पाणी आवडतं’ याचा अर्थ चिखल आवडतो असा नाही. इथे आपली काळी माती आड येते. ही चिकण माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि पावसाळ्यात तिच्यात दिवसेंदिवस पाणी धरून राहतं. अशा वेळी मुळांना हवा मिळत नाही, पानं पिवळी होतात, आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पाणी कमी पडलं वाटतं.’ आणखी पाणी ओतलं जातं. आधी बोट दोन पेरं मातीत घालून बघावं. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. कुंडीत नुसती काळी माती भरू नये. तिच्यात वाळू किंवा बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. बोगनवेलीसाठी मुरमाचं प्रमाण आणखी वाढवावं, तिला भुसभुशीत आणि हलकी जमीनच मानवते.

पिवळेपणाचाही प्रकार ओळखायला हवा. जुनी, खालची पानं पिवळी होऊन गळत असतील तर बहुधा ती त्यांच्या वयाची गळ असते, नाहीतर नत्र कमी असतं. पण शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, अशी जाळी दिसली तर ती लोहाची उणीव. आपल्या जमिनीत लोह नसतं असं नाही. चुनखडीमुळे ते मुळांना उचलता येत नाही, इतकंच. बोअरच्या जड पाण्याने ही अडचण वाढते. यावर घरोघर एप्सम सॉल्ट टाकायचा सल्ला फिरतो, पण त्यात मॅग्नेशियम असतं, लोह नाही. लिटरमागे ३ ते ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर फवारलं तर कोवळी पानं हिरवी होऊ लागतात. आधी एकाच फांदीवर मारून पाहावं. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागात कुणी पाहुणे असतील तर त्यांच्या जास्वंदीची पानं कडेने करपलेली दिसतील. तिथे दोष झाडाचा नसतो, खाऱ्या पाण्याचा असतो. बोगनवेल तेच पाणी बऱ्यापैकी सोसते.

चहाचा चोथा हे जास्वंदीचं हमखास खत, असंही मानलं जातं. धुऊन वाळवलेला थोडा चोथा मातीत मिसळला तर बिघडत नाही. पण दूध-साखरेसकट गाळणीतला चोथा बुडाशी ओतला की मुंग्या येतात, आणि जास्वंदीवर मुंग्या येणं ही साधी गोष्ट नाही. पिठ्या ढेकणाच्या अंगातून गोड चिकटा पाझरतो. तो मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या त्याच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लांना एका फांदीवरून दुसरीवर पोचवतात. कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका आणि त्यावर मुंग्यांची ये-जा दिसली की ओळखावं.

खामगाव तालुक्यात या गोष्टीला जास्त वजन आहे. जास्वंद आणि कपाशी एकाच कुळातल्या. भेंडी आणि अंबाडीही त्याच घरच्या. जास्वंदीचं आणि कपाशीचं फूल शेजारी ठेवून पाहा, मधला दांडा आणि त्यावर चहूबाजूंनी बसलेले पुंकेसर दोघींत सारखेच आहेत. साधारण २००५ नंतर देशातल्या कपाशीवर जो पिठ्या ढेकूण मोठ्या प्रमाणावर दिसू लागला, तो जास्वंदीवरही मजेत जगतो. कपाशी उपटल्यावर शेतात पऱ्हाटी उरत नाही, पण अंगणातली जास्वंद बारा महिने हिरवी असते आणि किडीला तिच्यावर थांबता येतं. म्हणून जास्वंद तोडून टाका, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. किडलेले शेंडे कापून जाळावेत, शेताच्या धुऱ्यावर फेकू नयेत. उरलेल्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, मग लिटरमागे ५ मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी, आठवड्याच्या अंतराने. फवारण्याआधी एकदा नीट बघावं: पुंजक्यात पिठ्यासारखीच पांढरी, पण मोठी आणि भराभर चालणारी अळी असेल तर ती ढालकिड्याची असू शकते. ती ढेकूण खाते, तिला राहू द्यावं. बोगनवेलीवर हा त्रास सहसा कमी असतो.

काटेरी वेल दारात अशुभ, हा समज थोडक्यात निकाली काढता येतो. काटे खरे आहेत, अशुभ खरं नाही. लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लोंबणाऱ्या फांद्या मात्र छाटाव्यात, एवढंच.

‘फुलणारं झाड कापू नये’ हा समज दोघींचंही नुकसान करतो, कारण दोघी नव्या फुटव्यावरच फुलतात. बोगनवेलीचा एकेक बहर सरला की रंग उडालेल्या फांद्या तिसरा हिस्सा तरी मागे घ्याव्यात. जास्वंदीची मोठी छाटणी थंडी सरताना, फेब्रुवारीत करावी आणि जूनचे पहिले पाऊस पडल्यावर हलकी. एप्रिल-मेच्या उन्हात जास्वंद बोडकी केली तर उघड्या फांद्या भाजतात. नवी झाडं लावायलाही जून-जुलै बरा. जास्वंद पिशवीतून काढताना मुळं थोडी मोकळी केली तरी चालतात, बोगनवेलीची नाही. तिची पिशवी कापून मातीचा गोळा न फोडता तसाच खड्ड्यात ठेवावा, आणि खड्डा जास्वंदीपासून निदान सहा-सात फूट लांब घ्यावा, म्हणजे एकीचं पाणी दुसरीच्या बुडाशी जाणार नाही.