‘डॉस’ची ओढ आणि अडकलेली मराठी अक्षरे

शिरूर, दौंड यांसारख्या तालुक्याच्या गावांत १९९० च्या दशकात टंकलेखन यंत्रांच्या शेजारी संगणक येऊन बसला. काळा पडदा, लुकलुकणारी रेघ, फ्लॉपीची खरखर आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची करकर असा त्याचा संसार होता. ‘डॉस’ या कार्यप्रणालीवर हात बसलेल्या पिढीला त्या दिवसांची ओढ अजूनही वाटते. या ओढीत जुन्या आठवणींचा जिव्हाळा आहे, तशी एक हळहळही आहे. डॉस मागे पडल्यानंतर टंकलेला बराचसा मराठी मजकूर आजच्या संगणकावर उघडतो, पण वाचता येत नाही.

कार्डातील मराठी

डॉस मुळात इंग्रजीसाठी घडलेली कार्यप्रणाली. तिच्यात मराठी आणली ती ‘जिस्ट’ तंत्राने. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूर येथे या तंत्रावर संशोधन झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने ते पुढे नेले. संगणकाच्या खाचेत जिस्ट कार्ड बसविले, की त्याच पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत.

पडद्यामागची व्यवस्था अधिक महत्त्वाची होती. अक्षरे ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत साठविली जात. भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये तिला मानकाचा दर्जा दिला. प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक होता आणि तो निरनिराळ्या भारतीय लिप्यांत समान होता. त्यामुळे मजकूर त्याच्या दिसण्यावर अवलंबून नव्हता.

‘शिरूर’ कसे साठते?

विंडोज ३.१ आणि पुढे विंडोज ९५ आल्यावर चित्र पालटले. पडदा रंगीत झाला, पानाची मांडणी सोपी झाली, लग्नपत्रिका आणि अहवाल देखणे दिसू लागले. मात्र त्या काळच्या बहुतेक मराठी फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसविले होते.

‘शिरूर’ हा शब्द घ्या. इस्कीमध्ये तो उच्चाराच्या क्रमाने साठतो : श, ऱ्हस्व वेलांटी, र, दीर्घ उकार, र. फॉन्टमध्ये मात्र तो दिसण्याच्या क्रमाने साठतो. आधी वेलांटी, मग श. अनेक फॉन्टांत तर अर्धा श आणि त्याचा उभा दंड वेगळे, आणि ‘रू’ हा स्वतंत्र तुकडा. ‘दौंड’मधील औकार आणि अनुस्वाराचीही अशीच निराळी जोडणी होते. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. तो विशिष्ट फॉन्ट नसेल, तर शब्दाच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. शोधणे वा अकारविल्हे लावणेही अशक्य होते.

थोडक्यात, जुन्या मानल्या गेलेल्या डॉसवरील मराठी संकेतांच्या बाबतीत अधिक शास्त्रशुद्ध होती. सोय वाढली, पण शिस्त सुटली.

उशिरा आलेली दुरुस्ती

‘युनिकोड’मधील देवनागरीची रचना १९८८ च्या इस्कीवरच आधारलेली आहे. विंडोज २००० मध्ये तिला आधार मिळाला. विंडोज एक्सपीमध्ये मात्र ही सोय बहुधा मूळ सीडी घालून वेगळी सुरू करावी लागे. अनेकांना ती आहे हेच ठाऊक नव्हते.

दरम्यान, लिनक्स हा मोफत पर्याय भारतीय भाषांत आणण्याचे प्रयत्न सुरू झाले होते. ‘इंडलिनक्स’ने त्यासाठी काम केले आणि २००७ मध्ये सी-डॅकने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली आणली. परंतु छपाईचा धंदा पेजमेकर आणि त्याच्यासोबतच्या फॉन्टांवर उभा होता. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ ची. ती लिनक्ससाठी नव्हती आणि देवनागरी युनिकोड तिला पेलत नसे. त्यामुळे एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टचा आधार संपल्यावरही जुने संगणक केवळ जुन्या फायलींसाठी जपून ठेवावे लागले.

आता काय करावे?

डॉसवरील इस्की मजकूर युनिकोडमध्ये नेणे तुलनेने सोपे आहे. कारण दोहोंत अक्षराला अक्षर जुळते. अडचण माध्यमाची आहे. फ्लॉपी खराब होतात आणि जुन्या कार्डाची खाच नव्या संगणकात नसते. म्हणून फ्लॉपीवरील फायलींची नक्कल आधी करून घ्यावी. जुने कार्यक्रम ‘फ्रीडॉस’ किंवा ‘डॉसबॉक्स’वर चालू शकतात, मात्र कार्डावर विसंबलेले मराठी त्यात आपोआप दिसत नाही.

फॉन्टमधील मजकुरासाठी त्या-त्या फॉन्टचाच परिवर्तक लागतो. म्हणून फायलीबरोबर फॉन्टची नक्कल आणि त्याचे नाव जपणे अत्यावश्यक आहे. शक्य तेथे छापील प्रतही ठेवावी. रूपांतरानंतर रफार, जोडाक्षरे, आडनावे आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. पतसंस्थेच्या सभासद यादीत किंवा जमिनीच्या कागदात एक चुकलेला रफार माणसाचे नाव बदलू शकतो.

कोणती फाईल कोणत्या फॉन्टमध्ये होती, हे अनेकदा फक्त ती टंकणाऱ्यालाच आठवते. त्या पिढीच्या आठवणींचा खरा उपयोग येथे आहे. ती माणसे हाताशी आहेत, तोवरच हे काम उरकून घेणे शहाणपणाचे ठरेल.