शर्यतीनंतरचा घोडा

रस्त्याकडेचं विज्ञान : लेखांक ९

पावसाळा लागता लागता आणि पुन्हा दिवाळीच्या मागेपुढे पनवेलजवळच्या कोनच्या फाट्यावरून जाणाऱ्या कंटेनर-ट्रकांच्या गर्दीत मधूनच घोड्यांची बंद गाडी दिसते. मुंबईचा रेसचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. दोन्हीकडचा कारभार रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा. महालक्ष्मीचे तबेले हलले की घोडे, सईस, खोगिरं असा सगळा संसार आपल्या दारावरून घाटावर जातो आणि चार महिन्यांनी परत येतो.

हा घोडा पळतो कसा, ते मागच्या लेखांकात पाहिलं. त्यानंतर एका वाचकाने फोनवर विचारलं, ‘पळणं संपल्यावर त्याचं करतात काय हो?’ प्रश्न साधा वाटतो, उत्तर मात्र सरळ नाही.

आधी वयाचा हिशेब मांडू. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा हा घोडा, दुसऱ्या वर्षीच शर्यतीत उतरतो, तेव्हा त्याची हाडं पुरती भरलेलीही नसतात. दर वर्षी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होणारी २,४०० मीटरची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची असते. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचं धावणं आटोपतं. नीट सांभाळला तर घोडा पंचवीस वर्षं जगतो. म्हणजे नोकरी चार-पाच वर्षांची आणि निवृत्ती अठरा-वीस वर्षांची!

नोकरी संपते ती बहुधा पायामुळे. घोड्याच्या गुडघ्याखाली मांस नसतंच. हाड, त्यामागे दोरखंडासारख्या कंडरा आणि वर कातडी, एवढाच मामला. भरधाव पळताना एका क्षणी सगळा भार पुढच्या एकाच पायावर येतो आणि तो घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून जास्त असतो. पाचशे किलोचा घोडा असेल तर हजार किलोंच्या वर. त्या क्षणी मागची कंडरा रबरासारखी ताणली जाते आणि पुढच्या क्षणी आखडते. या ओढाताणीत तिचा गाभा ४५ अंशांपर्यंत तापतो, असं मोजून पाहिलेलं आहे. तिचे तंतू एकदा तुटले की जखम भरायला वर्षभर लागतं आणि भरून येतो तो व्रण, त्याला पहिली लवचीकता नसते. अशा पायावर रपेट होते, सावकाश दौडही होते, शर्यत मात्र होत नाही.

निवृत्तीचं भाग्य पाहायचं तर एक घोडा आपल्या ओळखीच्या नावाचा आहे : सयाजीराव. बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड रेसचे मोठे शौकीन. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ ही घोडी त्यांचीच. १९४५ साली त्यांनी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं शिंगरू २८,००० गिनींना विकत घेतलं. तोवर एवढी बोली कोणत्याच शिंगराला लागली नव्हती. बाप निआर्को, सख्खा भाऊ दान्ते. आणि दान्तेने त्याच वर्षी इंग्लंडची डर्बी मारलेली. महाराजांनी शिंगराला आपल्या आजोबांचं नाव दिलं. आजोबांचं नाव घोड्याला! आपल्याकडच्या घरात यावरून केवढं महाभारत झालं असतं. राजवाड्यात कोणी काय म्हटलं, ते महाराजच जाणोत.

न्यूमार्केटला सॅम आर्मस्ट्राँग यांच्या हाताखाली सयाजीराव तयार झाला. १९४७ साली टू थाउजंड गिनीज आणि डर्बी या दोन्ही शर्यतींत तो तिसरा आला. पल्ला लांबला तसा तो खुलत गेला. त्याने आयरिश डर्बी जिंकली आणि सप्टेंबरात जॉकी एडगर ब्रिटने त्याला सेंट लेजरमध्ये अवघ्या एका डोक्याच्या अंतराने पुढे काढलं. इकडे देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना होत होता, संस्थानं विलीन होण्याच्या वाटेवर होती आणि तिकडे सयाजीराव शर्यत मारत होता.

पुढच्या वर्षी तो थांबला आणि त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. आयर्लंडमध्ये तो पैदाशीला उभा राहिला. तिथल्या किल्डेअर परगण्यात ‘बडोदा स्टड’ हे नाव आजही टिकून आहे. त्याची मुलगी ग्लॅडनेस हिने १९५८ साली ॲस्कॉट गोल्ड कप जिंकला आणि मुलगा इंडियाना याने १९६४ साली बापाचीच सेंट लेजर. सयाजीराव १९६६ साली गेला. पळाला दोन-तीन वर्षं, बाप म्हणून नांदला त्याच्या कितीतरी पट.

पण सयाजीरावाच्या वाट्याला आलं ते शेकड्यातल्या एखाद्याच घोड्याला मिळतं. थरोब्रेडच्या पैदाशीत कृत्रिम रेतनाला जगभर बंदी आहे. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आणावी लागतात. तरी एक नामी घोडा हंगामात शंभर घोड्यांनाही पुरतो. मग बाकीच्या नरांची गरज कोणाला? त्यातल्या कित्येकांना धावतानाच, स्वभाव निवावा म्हणून, खच्ची केलेलं असतं. घोडीचं नशीब थोडं बरं. मधल्या दर्जाची असली तरी आई म्हणून तिला जागा मिळू शकते.

उरलेल्यांसाठी चांगली वाट म्हणजे रपेटीच्या शाळा. महालक्ष्मीच्याच आवारातल्या अ‍ॅमेच्युअर रायडर्स क्लबात मुंबईची पोरं घोड्यावर बसायला शिकतात ती बहुतेक अशाच माजी धावपटूंच्या पाठीवर. पण घोड्याला आधी जुनं विसरावं लागतं. दाणा कमी करून, गवतावर मोकळं सोडून त्याला काही महिने थंड करतात. लगाम ओढला म्हणजे जोरात पळायचं नसतं, स्वार चढताना गप्प उभं राहायचं असतं, हे त्याला नव्याने शिकवावं लागतं. माणसाच्या निवृत्तीतही हे जमायला वेळ लागतोच म्हणा!

चुकीच्या वाटाही आहेत. पातळ कातडीचा, नाजूक खुरांचा हा प्राणी डोंगरातल्या दगडधोंड्यांवर ओझी वाहायला किंवा वरातीतल्या बँडबाजात आणि फटाक्यांत उभं राहायला जन्मलेला नाही. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाने २०१५ साली बेकायदा ठरवल्या, तेव्हा या जनावरांचे हाल निदान कोर्टापुढे तरी आले. शिंगरू जन्मलं की त्याच्या आई-बापासकट नोंद होते, शर्यत धावला की वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिली जाते. तितकीच चोख नोंद शेवटच्या मालकापर्यंत, मरणापर्यंत ठेवायला क्लब आणि मालक यांना कायद्याने भाग पाडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तिसरी वाट. कोनच्या म्हाडा वसाहतीत गिरणी कामगारांची कुटुंबं राहायला आली, त्यांना परळची हाफकिन संस्था चांगली ठाऊक असेल. पुण्याचे पूनावाला १९४६ पासून रेसचे घोडे पैदा करत. त्यांचे निवृत्त घोडे हाफकिनला जात, कारण हाफकिन घोड्याच्या रक्तातून औषधी सिरम काढत असे. घोडे आपले, तर औषध आपणच का करू नये, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ साली सिरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवात झाली ती धनुर्वातावरच्या सिरमने. कोविडच्या काळात ज्या कंपनीची लस आपण दंडात टोचून घेतली, तिच्या नावातलं ‘सिरम’ हे मुळात घोड्याचं.

हे चालतं कसं? बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० साली दाखवून दिलं की जनावराला विष थोडं थोडं वाढवत टोचलं, तर त्याचं रक्त त्या विषावर उतारा तयार करतं. घोडा यासाठी सोयीचा. अंगात रक्त भरपूर, माणसाची सवय आणि देखभाल ठरलेली. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांचं विष त्याला महिनोन् महिने अगदी मोजून देतात. मग ठरावीक अंतराने रक्त काढायचं, तांबड्या पेशी त्याच्याच अंगात परत सोडायच्या आणि वरचा पिवळसर द्रव शुद्ध करून, सुकवून बाटलीत भरायचा. याच तऱ्हेने हाफकिनने विंचवावरचा उताराही काढला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तो प्राझोसिन गोळ्यांच्या जोडीने वापरून पाहिला. दोन्ही एकत्र दिल्यावर रोगी लवकर बरा होतो, हा त्यांचा निष्कर्ष २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला.

हलगर्जीपणा इथेही जीव घेतो. अमेरिकेत सेंट लुईस गावी दुधाची गाडी ओढून थकलेला जिम नावाचा घोडा घटसर्पाच्या औषधासाठी ठेवला होता. १९०१ साली त्याला धनुर्वात झाला, तरी त्याचं सिरम वाटलं गेलं आणि १३ मुलं दगावली. त्यातूनच पुढच्या वर्षी तिथे औषधतपासणीचा कायदा झाला. घोड्याची निगा हा भूतदयेचा विषय आहेच, पण औषधाच्या शुद्धतेचाही आहे. ज्याच्या शिरेतून महिन्यामागून महिने रक्त काढतो, त्याला पुरेशी विश्रांती, वैरण आणि सावली मिळते का, हे सरकारने आगाऊ वर्दी न देता जाऊन पाहिलं पाहिजे.

या औषधाची गरज किती, तेही पाहा. भारतात २००० ते २०१९ या काळात साप चावून वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मेली, असा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली. कोनपासून सावळा-रसायनीपर्यंत अजून भाताची खाचरं आहेत आणि लावणीच्या दिवसांत पाय गवतातच असतात. साप चावला तर दोरी आवळू नका, जखम चिरू नका, मांत्रिकाच्या दारात वेळ घालवू नका. चावलेला हात किंवा पाय न हलवता माणसाला तडक पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. घोड्याच्या रक्तातून आलेलं हे औषध सरकारी रुग्णालयात फुकट मिळतं.