जुन्या क्रीडामोटारीचे टायर

१९६२ साली बाजारात आलेल्या एमजीबीसारख्या दोन आसनी मोटारीस नवे टायर घेताना प्रथम मूळ पुस्तिकेतील मापाची खातरजमा करावी. कारण ‘१५५ आर १४’ अशा जुन्या मापात उंचीचे प्रमाण छापलेले नसले, तरी ते रुंदीच्या सुमारे ८० टक्के गृहीत असते, आणि केवळ शोभेसाठी अधिक रुंद टायर चढविल्यास स्टिअरिंग विनाकारण जड होते.

घाटंजीसारख्या वऱ्हाडच्या कापूसपट्ट्यातील गावी, जेथे वैशाखाचे ऊन शेडमध्ये उभ्या मोटारीलाही सोडत नाही, तेथे गाडी धावो वा न धावो, रबर कठीण होऊन भेगाळतेच. म्हणून नक्षीच्या खोलीहून निर्मितीची तारीख आमच्या मते अधिक महत्त्वाची. २००० सालापासून टायरच्या कुशीवर लंबगोलात चार अंक उमटविलेले असतात: ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. तीनच अंक आढळल्यास तो टायर गतशतकातील समजावा, आणि दुकानदाराने कोरा म्हणून कितीही शिफारस केली तरी तो सर्वथा त्याज्य मानावा.

जुन्या तारांच्या चाकांत ट्यूब अपरिहार्य. रेडियल व क्रॉसप्लाय एकाच आसावर कदापि जोडू नयेत. तूर्त दोनच रेडियल घेणे भाग असेल, तर ते मागील चाकांस बसवावेत.