शिवोलीचा गिटारवादक

मराठवाडा निजामी अंमलातून 17 सप्टेंबर 1948 रोजी मुक्त झाला आणि गोवा पोर्तुगीज अंमलातून 19 डिसेंबर 1961 रोजी; देशाच्या स्वातंत्र्यानंतर मागाहून, आणि दोन्ही प्रसंगी लष्कराच्या हस्तक्षेपाने, भारतात सामील झालेले हे दोन मुलूख एकमेकांविषयी आश्चर्य वाटावे इतके थोडे जाणतात. चाकूर तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याला आजोबांच्या जमिनीचा दाखला हवा असेल तर त्याला उर्दू जाणणारा माणूस शोधावा लागतो, आणि बार्देशातल्या घरमालकाला त्याच कामासाठी पोर्तुगीज जाणणारा. जुनी राजवट गेली तरी तिचे दप्तर मागे राहते, हे आपण अनुभवाने शिकलो आहोत; गोव्यात मात्र सनदा आणि दस्तऐवज यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट मागे राहिली, ती म्हणजे कागदावर मांडलेले सूर वाचण्याची विद्या. प्रस्तुत लेखाचा विषय असलेले रेमो फर्नांडिस हे या विद्येच्या मुलखातले, ख्रिस्ती घरात जन्मलेले आणि रॉक संगीताला वाहून घेतलेले गिटारवादक; परंतु त्यांच्याकडे वळण्यापूर्वी त्या विद्येची हकीकत थोडी विस्ताराने सांगणे अवश्य आहे.

गोव्यातील गावोगावच्या चर्चला जोडून शाळा असत. तेथील मेस्त्री मुलांना प्रार्थना आणि अक्षरओळख यांबरोबर स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिनवादन शिकवी. हेतू निखळ धार्मिक होता, रविवारच्या उपासनेला आणि सणावारांना गाणारे-वाजवणारे हात मिळावेत एवढाच. पण विद्या एकदा हाती आली की ती देवळाच्या उंबरठ्यावर थांबत नाही, हा सर्वत्रचा अनुभव. पोटापाण्यासाठी मुंबईत उतरलेला, धोबीतलावाच्या परिसरातील आपल्या गावाच्या ‘कुडा’त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक निवासात, पथारी टाकणारा गोवेकर तरुण हातात व्हायोलिन किंवा ट्रम्पेट घेऊन आला, आणि हॉटेलांतील जाझपासून चित्रपटांच्या वाद्यवृंदापर्यंत सर्वत्र शिरला. शंकर-जयकिशन यांच्या गीतांचे वाद्यसंयोजन वर्षानुवर्षे करणारे सेबॅस्टियन डिसोझा, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली मोठी नावे. गोन्साल्विस यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या संगीतकार प्यारेलालांनी ‘अमर अकबर अँथनी’ या 1977 सालच्या चित्रपटातील एका गाण्यात गुरूचे नाव गुंफले, आणि साऱ्या देशाच्या ओठांवर ते नाव खेळू लागले. ते नाव एका हयात वादकाचे आहे, हे मात्र गाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक होते.

कारण या मंडळींचे नाव पडद्यावर येत नसे, आणि ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तर नाहीच. संगीतकार एक, गायक एक, आणि बाकीचे सगळे ‘वादक’ या एका शब्दात जमा! आपल्याकडील लग्नसराईत वरातीपुढे चालणाऱ्या बँजो पार्टीचे तरी याहून काय निराळे असते? वाजवणारा मनुष्य पहाटेपर्यंत शंभर गाण्यांच्या चाली बिनशब्दाने लोकांच्या पायांत उतरवितो. पार्टीच्या मालकाचे नाव गाडीवर मोठ्या अक्षरांत रंगविलेले असते, पण बँजोवर बोटे चालविणाऱ्याचे नाव नवरदेवालाही सांगता येत नाही. रेमो यांच्या कारकिर्दीचा खरा अर्थ आमच्या मते याच ठिकाणी सापडतो: गोव्याच्या ख्रिस्ती वादकांची ही जी पिढीजात अनामिकता, ती त्यांनी मोडली, आणि ती मुंबईत राहून नव्हे तर गावी परत येऊन मोडली.

रेमो यांचा जन्म 8 मे 1953 रोजी झाला, म्हणजे पोर्तुगीज राजवटीची शेवटची आठ-नऊ वर्षे त्यांच्या बालपणात पडतात. घरात पोर्तुगीज गीते आणि मांडो ही कोकणी गीते यांचा वावर होता. सातव्या वर्षाच्या सुमारास लंडनहून आलेल्या एका नातलगाने बिल हेली यांची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही तबकडी आणली, आणि मुलाच्या कानाला निराळेच वळण लागले. पुढे शाळकरी वयातले वाद्यवृंद, मग मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुकलेचे शिक्षण आणि त्याच काळात ‘द सॅव्हेजेस’सारख्या शहरी रॉक बँडमध्ये वादन, असा क्रम झाला. पदवी हाती आल्यावर वास्तुविशारदाची कचेरी थाटण्याऐवजी हे गृहस्थ सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस मिळेल त्या वाहनाने युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरत राहिले, रस्त्यावर वाजवीत राहिले, आणि शेवटी बार्देशातील आपल्या मूळ गावी, शिवोलीला, स्थिर झाले.

शापोरा नदीकाठचे हे गाव. तेथे सेंट अँथनीचे चर्च आहे, सांजांवाच्या, म्हणजे सेंट जॉनच्या सणाच्या, दिवशी, 24 जूनला, शृंगारलेल्या होड्या पाण्यातून येतात, आणि तेथल्या जागराच्या उत्सवात हिंदू आणि ख्रिस्ती दोघेही सहभागी होतात. अशा गावात बसून विजेवरची गिटार वाजविणाऱ्याने मुंबईच्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांचे दरवाजे ठोठावावेत, ही त्या काळची रीत होती. ठोठावूनही ते उघडले नाहीत, कारण भारतीय माणसाने स्वतः रचलेली इंग्रजी रॉक गीते कोण विकत घेणार, असा व्यापाऱ्यांचा हिशेब होता. तेव्हा रेमो यांनी घरातच चार पट्ट्यांचे ध्वनिमुद्रण यंत्र मांडले. या यंत्राची रीत समजून घेण्याजोगी आहे. एका फितीवर चार स्वतंत्र पट्ट्या. पहिलीवर ताल, दुसरीवर बास गिटार, तिसरीवर साथीची गिटार भरायची, मग त्या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या आणि मोकळ्या झालेल्या तीन पट्ट्यांवर पुन्हा नवे सूर चढवायचे. दर उतरवणीला फितीची खरखर वाढते, आणि एकदा एकत्र झालेले सूर पुन्हा वेगळे करता येत नाहीत. म्हणून वाजवणाऱ्याला शेवटचा परिणाम आरंभीच मनात बांधून घ्यावा लागतो. वास्तुकलेचे शिक्षण येथे अगदीच वाया गेले नसावे.

‘गोअन क्रेझी’ ही 1984 सालची कॅसेट अशी सिद्ध झाली. वाद्ये स्वतःची, आवाज स्वतःचा, मिश्रण स्वतःचे, वेष्टनावरचे चित्रही स्वतःचे. आणि तयार माल पिवळ्या स्कूटरवर घालून गोव्यातील दुकानांत पोहोचविणाराही तोच मनुष्य. पाठोपाठ ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये जुनी गोमंतकीय गीते नव्या साजात आली. 1986 साली ‘पॅक दॅट स्मॅक’ आली तेव्हा किनाऱ्यावरच्या परदेशी पाहुण्यांमागोमाग आलेल्या अंमली पदार्थांविरुद्ध रॉकच्या भाषेत उपदेश करण्याचे धैर्य त्यांनी दाखविले; रॉक आणि नशा हे समीकरण जगभर रूढ असताना गिटार खांद्यावर घेऊन नशेचा निषेध करणे हा प्रकार कीर्तनाच्या उत्तररंगाशी नाते सांगणारा आहे, असे आम्हाला वाटते. 1987 साली ‘बॉम्बे सिटी’ आली. तोवर कंपन्या आपण होऊन दारी येऊ लागल्या होत्या.

चित्रपटांचा भाग थोडक्यात आटोपणे बरे, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (1985), पंकज पराशर यांच्या ‘जलवा’चे (1987) शीर्षकगीत, ए. आर. रहमान यांचे संगीत असलेल्या ‘बॉम्बे’तील (1995) ‘हम्मा हम्मा’ आणि ‘प्यार तो होना ही था’चे (1998) शीर्षकगीत. खेड्यापाड्यातील श्रोत्याने रेमो हे नाव ऐकले ते या गाण्यांमुळे. पण यांतल्या बहुतेक ठिकाणी ते दुसऱ्याच्या चालीला आवाज देणारे गायक आहेत, आणि शिवोलीच्या घरातला तो एकहाती कारखाना येथे दिसत नाही. 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

ख्रिस्ती घरातला रॉक वादक म्हटले की एक तुलना सुचते: अमेरिकेत ‘ख्रिश्चन रॉक’ नावाचा एक स्वतंत्र पंथच उभा राहिला. लॅरी नॉर्मन यांची 1969 सालची ‘अपॉन धिस रॉक’ ही तबकडी त्याचा आरंभ मानली जाते. रॉकच्या सुरावटीत येशूचे नाव घ्यावे की नाही यावर तेथील धर्मोपदेशकांनी मोठा गहजब केला. गोव्यात तसा पंथ निघाला नाही, आणि त्याचे कारण आमच्या समजुतीप्रमाणे असे, की तेथे चर्च आणि नाचगाणे यांच्यामध्ये तेवढी उंच भिंत कधी नव्हतीच. रविवारी सकाळी उपासनेत व्हायोलिन वाजविणारा वादक त्याच रात्री लग्नात वाल्ट्झ वाजवी, आणि कोणाला त्यात विसंगती वाटत नसे. रेमो हे रूढ अर्थाने धर्मप्रचारक गायक नव्हेत. तरीही उत्तरायुष्यात त्यांनी जे सर्वांत मोठे काम अंगावर घेतले, ती संगीतिका मदर तेरेसांच्या जीवनावर आहे, ‘तेरेसा अँड द स्लम बम’. हा योगायोग म्हणून सोडून देणे आम्हाला जमत नाही.

मुंबईच्या जुन्या गोवेकर वादकांची नावे उशिरा का होईना, अभ्यासकांनी शोधून काढली. ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ (2008) हे पुस्तक चित्रपटांच्या वाद्यवृंदातील वादकांच्या मुलाखतींवर उभे आहे, तर नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ने (2012) जाझच्या दिवसांची नोंद केली. वादक म्हातारे झाल्यावर, काही तर गेल्यावर, ही दप्तरे उघडली गेली. रेमो यांच्या बाबतीत परक्या अभ्यासकाची वाट पाहावी लागली नाही. 2021 साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि कॅसेटच्या वेष्टनाप्रमाणे तेही त्यांनी स्वतःच लिहिले.